फळ्याची शिट्टी

हेमंत करंदीकरच्या मोडेमने शिट्टी मारली की भोपाळच्या आनंद नगरातल्या म्हशी दूध चोरायच्या आणि अवधपुरीतले कुकर लाजून गप्प बसायचे. निदान हेमंत तरी असं सांगायचा. आठवडाभर कारखान्यात ड्रॉइंगं काढणारा हा गृहस्थ रविवारी दुपारी घरच्या कॉम्प्युटरवर आपला ‘फळा’ चालवायचा. प्रोग्राम त्याने स्वतः लिहिलेला. ज्याच्याकडे कॉम्प्युटर आणि तो फोनला जोडणारा मोडेम असेल त्याने हेमंतकडे फोन लावायचा. दोन्ही यंत्रांनी शिट्ट्या मारून ओळख पटवली की फळ्यावरच्या नोटिसा त्याच्या पडद्यावर आणि त्याची नोटीस फळ्यावर. अख्ख्या भोपाळात असे तिघंच, त्यातल्या दोघांचं आपसात वाकडं.

प्रोग्राममधल्या दोन गोष्टींचा हेमंतला भारी अभिमान. फोन आला रे आला की उचलायचा. आणि समोरून यंत्राची शिट्टी आली नाही तर फालतू माणूस समजून कापायचा. बायकोची, सुधाची, झोप मोडू नये म्हणून दुपारपुरती फोनच्या घंटीची तारही तो काढून ठेवी.

विसरला तो एवढंच, की कारखान्याच्या टाउनशिपमध्ये फोन एकट्याचा नसतो. खालच्या इंदुमतीकाकूंनी साऱ्या गणगोताला हाच नंबर देऊन ठेवला होता, पीपी म्हणून. शेजारी बोलावून देतील, या भरवशावर.

खांडव्याच्या नलिनीताईंशी, म्हणजे थोरल्या बहिणीशी, काकूंचा अबोला होता. यंदा काकूंनीच माघार घेऊन पत्र टाकलं: राग गेला असेल तर रविवारी दुपारी फोन कर. तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी गुडघे धरत त्या जिना चढायच्या.

“आला होता का रे?”

“नाही काकू.”

“बरं. अजून फुगलेलीच आहे म्हणायची.”

मग एका रविवारी शिट्टी नको तितकी लांबली. हेमंतने रिसीव्हर उचलला, तर आतून एक म्हातारा आवाज कडाडत होता, “इंदे, आता तरी शिट्ट्या मारणं सोड! दर रविवारी फोन करतेय मी, आणि तू…” एवढ्यात प्रोग्रामने फालतू माणूस कापला. हेमंत रिकाम्या तारेत हॅलो हॅलो करत राहिला.

संध्याकाळी काकू आल्या, हातात बेसनाच्या लाडवांची वाटी. “तुझ्या फोनला किती त्रास देते रे. आला होता का?”

हेमंतने वाटी घेऊन फोनशेजारी ठेवली. तोंडातून एकच शब्द निसटला. “नाही.”

त्या लाडवांना त्याने हात लावला नाही. त्याने प्रोग्राम बंद केला, घंटी जोडली, पुढच्या रविवारी फोनपाशी पहारा दिला. घंटी वाजली नाही. ताईंनी नाद सोडला होता.

काकू वर आल्या त्या विचारायला नव्हे. “आता वाट बघू नकोस हो. मी सोडलं.”

तेव्हा मात्र त्याला राहवेना. “काकू, फोन आले होते. दर रविवारी. माझ्या मशीनने उचलले, शिट्टी मारली आणि कापले.”

काकू टेकल्या. “कशी मारते?”

त्याने ऐकवली. काकूंनी कपाळाला हात लावला. “अशीच मारायचे मी, गच्चीवरून, ताईला चिडवायला. तिला बघायला पाहुणे आले होते तेव्हासुद्धा.” मग त्या म्हणाल्या, “गेल्या रविवारी मी विचारलं, तेव्हा तुला माहीत होतं?”

“होतं.”

“मशीनचं सोड. ते ‘नाही’ तू म्हणालास.” त्याच्याकडे न बघता त्यांनी फोनकडे बोट केलं. “खांडवा लाव. आधी तू बोल.”

“ताई, मी शेजारचा हेमंत. ती शिट्टी माझ्या मशीनची होती.”

“खोटं! आमच्या इंदीची शिट्टी मी ओळखत नाही होय?”

काकूंनी रिसीव्हर हिसकावला, ओठ जुळवले आणि जोर लावला. नुसती हवा फुसफुसली.

पलीकडून ताईंचा आवाज आला, “इंदे… कवळी बसवलीस का गं?”

काकू हसता हसता रडायला लागल्या. फोनशेजारी लाडवांची वाटी तशीच भरलेली होती. बोलता बोलता त्यांनी ती मांडीवर ओढली आणि एक लाडू तोंडात टाकला. समोर उभ्या हेमंतला त्यांनी घे म्हटलं नाही.