टेबलाखालचा केक

ॲल्युमिनियमचा, गोल, तीन बुटक्या पायांवर उभा असलेला मी एक जुना ओव्हन आहे, मित्रांनो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी माझ्यासारखा ओव्हन पाहिलाही नसेल. हल्लीच्या ओव्हनला दार असतं, बटणं असतात, आत दिवा लागतो. मला नुसतं झाकण आहे. झाकणात तापणारी तार आणि पुढच्या उतारावर एक लहानशी काच. त्या काचेतून तुम्हाला आत फुगणारा केक दिसतो आणि मला बाहेरचं जग दिसतं.

एका छोट्या कारखान्यात पत्र्याची तबकडी फिरत्या साच्यावर दाबून मला हा आकार दिला गेला. तिथून मी दुर्गच्या बाजारात आलो आणि तिथेच भागीरथाबाईनं मला पाहिलं. तिचे यजमान शालिकराम भंडाऱ्याकडचं गाव सोडून भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये लागले होते. सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये दोघांचा संसार नुकताच सुरू झाला होता. शेजारच्या घरातून नाताळला केक आला. हे असं मऊ कसं होतं, या कुतूहलानं भागीरथाबाई शेजारणीकडे बघायला गेली आणि पुढच्याच बाजाराला मला कडेवर घेऊन घरी आली.

पहिल्या दिवशी तिनं माझ्यात रताळी भाजली. केकचं धाडस नंतर केलं. मग दिवाळीत नानखटाई, थंडीत बाट्या आणि मुलगा राहुल याच्या वाढदिवसाला केक. राहुलचे मित्र माझ्याभोवती गोल करून बसत आणि काचेतून आत डोकावण्यासाठी एकमेकांना ढकलत. "बाई, तुमच्या ओव्हनचा वास आमच्या गल्लीपर्यंत येते," असं कोणी म्हटलं की भागीरथाबाई पदरानं माझी काच पुसायची. मित्रांनो, ते माझे मानाचे दिवस होते.

पुढे राहुल मोठा झाला, तोही प्लांटमध्ये लागला, त्याचं लग्न झालं. वाढदिवसाचे केक पुठ्ठ्याच्या डब्यांतून घरी येऊ लागले. मला माळ्यावर चढवलं गेलं. माझ्या पोटात सुतळी, खिळे आणि फुटक्या कुलपाच्या किल्ल्या ठेवल्या गेल्या. मी कुणावर रागावलो नाही. वस्तू जुन्या होतात आणि माळ्यावर जातात, एवढं मला कळत होतं. विश्वासघात कशाला म्हणतात, ते मात्र अजून कळायचं होतं.

मला खाली काढलं दामिनीनं. ही राहुल आणि जया यांची मुलगी, पाचवीत शिकणारी. तिचा लहान भाऊ गोलू अजून अक्षरं गिरवत होता. क्वार्टरच्या मागच्या अंगणात भागीरथाबाई, म्हणजे त्यांची आजी, भाजी लावत असे. त्या वर्षी तिनं दोन्ही पोरांच्या हातात कोहळ्याच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, बिया दिल्या.

"तुम्हीच लावा, तुम्हीच पाणी द्या. मी फक्त पाहीन," ती म्हणाली.

मला घासूनपुसून मागच्या ओट्यावर उन्हात ठेवलं होतं, म्हणून पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. वेल कुंपणावर चढला. पिवळी फुलं आली आणि गळून गेली. फळ काही धरेना. दामिनी रडकुंडीला आली. तेव्हा आजीनं तिला सकाळी उठवून वेलाजवळ नेलं.

"हे पाह्य. या फुलाच्या बुडाशी इवलंसं कोहळं आहे न? हे माय. आणि हे नुसत्या दांड्यावरचं, हे बाप. याच्या पाकळ्या काढ अन् मधातला पिवळा भाग त्या मायफुलात हळूच फिरव."

"हे तर भुंगा करतो ना?" दामिनीनं विचारलं.

"आज भुंगा नाही आला. म्हणून तू कर."

दामिनीनं श्वास रोखून ते केलं. काही दिवसांनी त्या फुलामागचं इवलंसं कोहळं लिंबाएवढं झालं, मग नारळाएवढं. गोलूनं त्याच्या कोवळ्या सालीवर खिळ्यानं दोघांची नावं कोरली. कोहळं वाढत गेलं तशी अक्षरंही रुंद होत गेली. रोज शाळेतून आल्यावर दोघं आधी वेलाकडे धावत आणि मग जेवायला.

अशात तिथल्या मराठी मंडळानं मुलांसाठी स्पर्धा ठेवली. मुलांनी घरी पिकवलेल्या भाजीचं किंवा फळाचं काहीतरी स्वतः भाजून आणायचं. ज्यात भाजलं ते भांडंही हवं तर सोबत मांडायचं. दामिनीनं ठरवलं, कोहळ्याचा केक आणि तो माझ्यात.

कोहळं दामिनीनं किसलं. बोटाची सालं निघाली तरी तिनं खवणी आजीला दिली नाही. गोलूनं पीठ चाळलं आणि त्यातलं बरंचसं स्वतःच्या डोक्यावर चाळलं. गूळ, दही, तेल, सोडा, सगळं दोघांनी मिळून घातलं. आजी बाजूला बसून नुसती हसत होती. तार तापली आणि माझ्या पोटात ते मिश्रण हळूहळू वर चढलं. बाहेर काचेला दोन नाकं चिकटली होती.

"फूल रहा है! दीदी, फूल रहा है!" गोलू ओरडला.

केक झाला. एका बाजूला कललेला, मध्ये थोडा बसलेला, वरून गडद आणि आतून पिवळाजर्द. दामिनीनं विणायची सुई खुपसून पाहिली. सुई कोरडी निघाली. तिनं दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली. इतक्या वर्षांत माझ्यात इतके केक झाले, पण इतका आनंद मी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिला नव्हता.

जया स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं केक पाहिला आणि बसलेल्या भागावर तिची नजर थांबली.

जया वाईट बाई नव्हती, मित्रांनो. ती गोंदियाकडच्या खेड्यातून लग्न होऊन इथे आली होती. मंडळात अधिकाऱ्यांच्या बायका येत. एकदा तिनं नेलेला डबा उघडून कोणीतरी "हे काय आहे?" असं विचारलं होतं आणि चारचौघी हसल्या होत्या. ते हसू तिच्या मनात रुतून बसलं होतं.

स्पर्धेच्या दिवशी मला ऑटोतून मंडळाच्या हॉलमध्ये नेलं. केक माझ्याच पोटात होता. दामिनीनं टेबलावर पांढरी चादर अंथरली, मला मधोमध ठेवलं, केक ताटलीत काढून माझ्यापुढे मांडला. शेजारी नावं कोरलेल्या कोहळ्याची साल ठेवली. तेवढ्यात स्वागतगीतासाठी मुलांना मंचावर बोलावलं.

"आजी, माझ्या केककडे लक्ष ठेवशील?"

"जा बाई, मी आहे न इथंच."

ती गेली आणि जया बाहेरून एक पुठ्ठ्याचा डबा घेऊन आली. आत बेकरीचा केक होता. गुळगुळीत, पांढरं क्रीम, वर साखरेची केशरी फुलं.

"हे काय आणलं?" भागीरथाबाईनं विचारलं.

"सगळ्यांचे केक पाहून आली मी. आपला मधातून बसला आहे, आई. लोक हासतीन पोरीले."

"तिले इचारलं?"

"नंतर सांगीन तिले. आता वेळ नाही. अन् हा जुना ओव्हन वर कायले ठेवता? खाली घ्या."

मला वाटलं, आता भागीरथाबाई नाही म्हणेल. जिनं मला कडेवर घरी आणलं, जिनं फुलाला फूल लावायला शिकवलं, ती नक्की नाही म्हणेल. ती थोडा वेळ मंचाकडे बघत राहिली. मग तिनं दामिनीचा केक उचलला, माझ्या पोटात ठेवला आणि झाकण लावलं. तिच्याच हातांनी तिनं मला टेबलाखाली सरकवलं. चादरीची कड खाली सोडली.  

चादरीखालून मला फक्त पाय दिसत होते. दामिनीच्या चपला धावत आल्या आणि टेबलापाशी जागच्या जागी थांबल्या.

मंडळाच्या मृणालताई परीक्षक होत्या. त्यांचा आवाज आला. "अगं, किती सुरेख! हे तू केलंस? ही फुलं कशी काढलीस?"

 दामिनीच्या पायांची बोटं चपलेत आवळली गेली.

"खूप मेहनत केली जी तिनं," जयाचा आवाज आला.

एवढ्यात गोलू चादर वर करून रांगत आत शिरला. त्यानं माझं झाकण उचललं आणि ओरडला, "दीदी, अपना केक तो यहाँ है! किसी ने छुपा दिया!"

जयानं त्याला दंडाला धरून बाहेर ओढलं. लहान मूल काहीतरी बोलतंय म्हणून आजूबाजूचे हसले. थोड्या वेळानं टाळ्या वाजल्या. पहिला क्रमांक, दामिनी. आणि मी तिचा खरा केक पोटात घेऊन अंधारात बसलो होतो.

घरी आल्यावर दामिनीनं बक्षिसाचा खोका न उघडता कोपऱ्यात ठेवला.

"तुझ्याचसाठी केलं न बाई," जया म्हणाली. "फर्स्ट आली, खुश हो न."

"मी कुठं आली? तो केक आला." मग ती आजीकडे वळली. आजी तांदूळ निवडत होती. "आजी, तुले माहीत होतं?"

आजीनं मान वर केली नाही.

"आजी, मी तुले लक्ष ठेवायले सांगितलं होतं. माहीत होतं?"

"होतं," आजी म्हणाली.

आईवर दामिनी रागावली होती. पण त्या एका शब्दानंतर तिचा चेहरा जसा झाला, त्याला राग म्हणता येणार नाही. ती मागच्या अंगणात गेली आणि वेलाकडे पाठ करून बसली.

माझं झाकण कोणी उघडलं नाही. केक माझ्या आत राहिला, बुरसला. तो वास मला सहन होत नव्हता, पण त्याहून जास्त मला भागीरथाबाईचे हात आठवत होते. माळ्यावर टाकलं तेव्हा मला विसरले होते. या वेळी मात्र मी पुरता आठवणीत असताना मला लपवलं होतं.

दामिनीचे हाल माझ्याहून वाईट होते. रस्त्यावर भेटेल तो म्हणायचा, "ए चॅम्पियन, केक कब खिला रही है?" तिला हसावं लागायचं. खोटं जया एकदाच बोलली होती. दामिनीला ते रोज बोलावं लागत होतं. तिनं वेलाला पाणी घालणं सोडलं. गोलू एकटाच तांब्या घेऊन जायचा आणि अर्धं पाणी पायांवर सांडायचा.

मग एक दिवस मृणालताईंचा फोन आला. मंडळातल्या लहान मुलांना केक शिकवायचा होता आणि दामिनीनं तिचा तो क्रीमचा केक करून दाखवावा, अशी त्यांची इच्छा होती. फोन ठेवून जया दामिनीकडे वळली.

"ताप आहे म्हणून सांगू," ती म्हणाली.

"अन् मग? पुढच्या वेळी काय सांगशील?" दामिनी म्हणाली. "मी येऊन राहिली म्हणून सांग."

तिनं मला अंगणात नेलं. बुरसलेला केक मातीत पुरला. चिंचेनं आणि राखेनं मला घासघास घासलं. आजी मदतीला आली तेव्हा दामिनीनं राख तिच्यापासून दूर सरकवली. वेलावरचं दुसरं कोहळं खाटेखाली ठेवलेलं होतं, ते तिनं पिशवीत भरलं.

हॉलमध्ये मुलं गोल करून बसली होती. जया दारापाशी उभी होती, आत येत नव्हती. या वेळी मी टेबलावर होतो.

दामिनीनं कोहळं पिशवीतून काढून माझ्यापुढे ठेवलं. मग ती म्हणाली, "तो क्रीमचा केक मी नव्हता केला. तो दुकानातला होता. मले क्रीम येत नाही. मले कोहळ्याचा येते, या ओव्हनमधला."

 "दुकानातला?" मृणालताईंनी विचारलं. "मग तो कोणी आणला?"

दामिनी खाली बघत राहिली. तिनं आईचं नाव घेतलं नाही.

"मी आणला," दारातून आवाज आला. जया आत आली होती. तिचा चेहरा लालभडक झाला होता. "तिले माहीत नव्हतं. तिचा केक आम्ही टेबलाखाली लपवला होता."

दामिनीनं पिशवीतून न उघडलेलं बक्षीस काढून मृणालताईंपुढे ठेवलं. त्यांनी ते उचलून बाजूला ठेवलं. तेवढ्यात त्यांचाच मुलगा सुमेध म्हणाला, "मग आज करायचा की नाही?"

करायचा होता. मुलांनी हात धुतले. किसताना, चाळताना, ढवळताना इतका गोंधळ झाला की अर्धं पीठ फरशीवर गेलं. माझ्या काचेला इतकी नाकं चिकटली की मला बाहेरचं काही दिसेना. त्या दिवशीही केक मध्ये बसला. मुलांनी तो बसलेल्या भागापासूनच खायला सुरुवात केली.

परत जाताना जयानं विचारलं, "आता राग गेला न?"  दामिनीनं मला दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. आईला धरायला तिचा एकही हात मोकळा नव्हता.

मित्रांनो, आता माझ्यात पुन्हा केक होतात. कॉलनीतली मुलं त्यांच्या अंगणातलं काहीबाही घेऊन येतात. कधी गाजरं, कधी नुसती लिंबं. दामिनी आईशी बोलते, आजीजवळ झोपतेही. पण केक बाहेर काढला की तो थंड होईपर्यंत ती जागची हलत नाही. बाहेर खेळायला हाका येतात. भागीरथाबाई म्हणते, "जा बाई, मी पाहीन." आणि दामिनी म्हणते, "राहू दे."

दर वेळी तो शब्द ऐकून भागीरथाबाई निमूट आपल्या कामाला वळते.

तुमच्या घरच्या मोठ्यांना माझा निरोप सांगाल? मुलांच्या हातात बी द्या, पीठ द्या. सांडू द्या, जळू द्या. केक कलला तर त्याला कललेलाच राहू द्या. लोक हसले, तर मूल थोडा वेळ रडेल आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पीठ चाळायला बसेल. पण त्याच्या पाठीमागे त्याचा केक बदलू नका. मी ओव्हन आहे, मला घासलं की बुरशी जाते. दामिनी मात्र अजूनही तिथे बसून असते, केककडे बघत.