तपासणीच्या दिवशी सगळे घरी

नियमांबद्दल माझी काही तक्रार नाही. फक्त ते करणाऱ्या माणसाला एकदा माझ्या स्कूटीच्या मागच्या सीटवर बसवून आमच्या वाडीचा चढ दाखवावा, एवढीच इच्छा आहे.

मी माधवी. वडिवळ्याच्या धरणापलीकडे डोंगरात एक कातकरवाडी आहे, तिथल्या शाळेत शिकवते. दिवाळी झाली की वाडीतले आईबाप तळेगावच्या बाजूला वीटभट्टीवर जातात, ते शिमग्यालाच परततात. पूर्वी पोरंही बरोबर जायची आणि येताना पाढे तिकडेच सांडून यायची. आता मागे राहणाऱ्या पोरांना शाळेत दोन्ही वेळचं जेवण मिळतं, संध्याकाळी अभ्यास होतो आणि झोपायला ती आपापल्या आजीकडे जातात. पण त्यासाठी पोर पात्र ठरावं लागतं. पात्र म्हणजे, आईबाप खरंच पोटासाठी गाव सोडून गेलेले असले पाहिजेत.

यंदा घोडं अडलं ते चिंगीपाशी. चिंगी चौथीत आहे. वर्गात सगळ्यात जास्त प्रश्न तिचे, आणि त्यातले निम्मे मला घरी जाऊन वाचून यायला लावणारे. तिचा बाप कोंडू कामशेतच्या बाजारात दिसला, असं कुणीतरी तालुक्याच्या शिक्षण कार्यालयाच्या कानावर घातलं. शिवाय वाडीसारखी भट्टीही मावळ तालुक्यातच आहे, तेव्हा तालुक्यातल्या तालुक्यात कसलं स्थलांतर, अशीही शंका निघाली. चिंगीची आजी बयाबाई जिभेने खमकी, पण गुडघ्यांनी गेलेली. तिचं स्वतःचंच कसंबसं भागतं. शाळेतलं जेवण बंद झालं तर चिंगीला भट्टीवर जावं लागणार होतं. दुसरीत असताना ती एकदा गेली होती. परत आली तेव्हा स्वतःचं नाव लिहायला बसली आणि मधेच थांबली. तो चेहरा मला पुन्हा बघायचा नव्हता.

शेवटी विस्तार अधिकारी केदारी साहेब स्वतः पाहणीला येणार असं ठरलं. मला बरंच वाटलं. रिकामी घरं बघतील, प्रश्न मिटेल. मी बयाबाईला सांगितलं, "मावशी, गुरुवारी साहेब येणारेत. कोंडूचं घर बघायला." एवढंच बोलले, आणि एवढंच नडलं.

गुरुवारी साहेबांची गाडी चढाच्या पायथ्याशीच हबकली. मग मी त्यांना स्कूटीवर घेतलं. माणूस सरळ, पण सरळपणाचाही कधीकधी ताप होतो. वाटेत दोनदा म्हणाले, "बाई, मी कुणाचं ऐकून लिहीत नाही. डोळ्यांना दिसेल ते लिहितो." मी म्हटलं, तेच तर हवंय.

वाडीत शिरलो आणि मी ब्रेकच दाबला. अंगणं ताजी सारवलेली. पुरुष धुतलेल्या शर्टात, बायका दिवाळीच्या लुगड्यांत. खांद्यावर टॉवेल टाकून कोंडू सगळ्यात पुढे हात जोडून उभा, शेजारी त्याची बायको भामा. भट्टीवर गेलेली अख्खी वाडी परत आली होती.

"ही कोण मंडळी?" साहेबांनी विचारलं.

"आमी हितलीच की सायेब," कोंडू आदबीने म्हणाला.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. मी बयाबाईला बाजूला घेतलं. "मावशी, ही सगळी भट्टी सोडून कशाला आली?"

"मीच सांगावा धाडला," बयाबाई म्हणाली. "पाव्हना घरी यायचा आन् घरधनी घरात न्हाई, हे बरं दिसतं व्हय? सायेब काय म्हनला असता, रीतभात न्हाई म्हनला असता."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. बरं, मारुतीही असा हसतमुख की त्याच्यावर रागावता येईना.

"बाई," साहेब हळूच म्हणाले, "आईबाप तर घरीच आहेत."

"तुम्ही येणार म्हणून आलेत साहेब."

"मी येणार म्हणून आले, हे मी कुठल्या रकान्यात लिहू?"

तेवढ्यात जेवणाची हाक आली. पाहुण्यासाठी कोंबडा कापला होता, आणि साहेबांचा गुरुवार. मला वाटलं, आता बयाबाईचं तोंड उतरेल. पण ती म्हणाली, "मंग कोंबडा आमी खातो, तुमी शेंगा खावा." वालाच्या उकडलेल्या शेंगा, तांदळाची भाकरी आणि मिरचीचा ठेचा आला. साहेब आधी संकोचून जेवत होते, मग नुसतेच जेवत होते. दुसरी भाकरी त्यांनी मागून घेतली. कार्यालयात त्यांना कुणी असं वाढलं नसावं.

जेवताजेवता त्यांनी कोंडूला विचारलं, "बाजारात दिसलास म्हणे तू?"

"व्हय. मालकाच्या विटा उतराय आलतो. टेंपोतनं आलो, टेंपोतनं गेलो. घरला जाऊ का म्हनून इचारलं, तर मालक न्हाई म्हनला."

"पण तळेगाव काही लांब नाही," साहेब माझ्याकडे वळून म्हणाले. "तासाभराचा रस्ता."

आता मात्र मला राहवेना. "साहेब, तुम्हीही तळेगावलाच राहता. आज संध्याकाळी मुलांबरोबर चहा घ्याल. कोंडूला त्याच रस्त्याने यायला शिमगा उजाडतो. रस्ता तेवढाच आहे."

साहेबांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. ठेचा तिखट होता म्हणून डोळ्यांत पाणी आलं, असं त्यांनी नंतर सांगितलं. मी वाद घातला नाही.

आणि मग खालून हॉर्न वाजला. भट्टीचा टेंपो मंडळींना परत न्यायला चढ चढून येत होता. सरकारी साहेब येणार म्हणून मालकाने अर्ध्या दिवसाचीच मोकळीक दिली होती. वाडीत एकदम धांदल उडाली. ज्याने त्याने उरलेलं कालवण डब्यात भरलं, लुगडी बदलली, लहानग्यांचे मुके घेतले. बघताबघता घराघरांची दारं ओढली गेली आणि माणसं टेंपोत चढली. चिंगी हातात कपड्यांचं गाठोडं घेऊन टेंपोजवळ उभी होती. ते कुणी कधी बांधलं, मला दिसलंच नव्हतं.

कोंडू साहेबांसमोर आला. "सायेब, पोरीला चढवू का ठिवू?"

"मी कार्यालयात जाऊन, विचार करून कळवतो."

"तुमी कळवाल. पन टेंपो न्हाई थांबायचा."

डायव्हरने पुन्हा हॉर्न दिला. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी मुद्दाम डोंगराकडे बघितलं. माझी बडबड एरवी थांबत नाही, पण यावेळी उत्तर त्यांनीच द्यायला हवं होतं.

साहेब चिंगीसमोर वाकले. "तुला काय पाहिजे गं?"

चिंगीने नीट विचार केला. मग म्हणाली, "मला साळा पायजे. आन् आय बी पायजे."

टेंपोत बसलेल्या भामाने तोंड दुसरीकडे फिरवलं.

"त्यातलं एकच माझ्या हातात आहे, पोरी," साहेब म्हणाले. मग सरळ उभे राहिले आणि कोंडूला म्हणाले, "ठेव तिला. येताना घरं भरलेली दिसली, ते लिहीन. जाताना रिकामी झाली, तेही लिहीन. दोन्ही डोळ्यांनी बघितलंय. तालुका कुठला ते वरच्यांनी विचारलं, तर त्यांना म्हणेन, या आणि भाकरी खाऊन जा."

मला इतका आनंद झाला की मी साहेबांचा हातच धरला, आणि मग ते साहेब आहेत हे आठवून सोडला. चिंगीने गाठोडं आजीकडे दिलं. पण टेंपो सुरू झाला तशी तिची मान खाली गेली. जे मागितलं ते मिळालं होतं, आणि दुसरं जे मागितलं ते धुरळा उडवत निघालं होतं. मी तिला जवळ घेतलं.

टेंपो थोडा पुढे जाऊन वळणावर हळू झाला. भामा फळीवरून वाकून ओरडली, "सायेब, परत कवा येनार तुमी?"

"का हो?" साहेबांनी गोंधळून विचारलं.

"तुमी आला की आमाला सुट्टी गावती. पोरीला बघाय मिळतं."

टेंपोत हशा पिकला. बयाबाईही हसली. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी चिंगीकडे बघितलं, मग टेंपोकडे, आणि ते रस्त्याच्या मधोमध धावत गेले. सरळ माणसाला खोटं बोलायची सवय नसते, त्यामुळे त्यांचा आवाज जरा जास्तच मोठा निघाला.

"पुढच्या महिन्यात येतो," ते ओरडले. "तपासणी अर्धवट राहिलीय. सगळ्यांनी घरी हजर राहायचं."