भुंग्याचा घास

भुंग्या तिसऱ्याच पुस्तकात मेला होता. हे साऱ्या जगाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त संतपूरच्या अंबुबाईला, कारण तिला वाचून दाखवणारी नात जगदेवी पक्की लबाड होती.

पुस्तकं पाच, सगळी इंग्रजी. नौबादच्या कॉलेजातून सुट्टीला येताना जगदेवी एकेक आणायची आणि शेरडं चारता चारता आज्जीला आपल्या बोलीत सांगायची. नेरा नावाची पोर ग्रहांमधून जहाज हाकते आणि लोखंडी पायाचा तिचा कुत्रा हुंगून ताऱ्यांची वाट दाखवतो. पुस्तकातलं त्याचं नाव जिभेला पीळ पाडणारं. अंबुबाईनं त्याचा भुंग्या करून टाकला. तिची हयात मेंढरांमागं गेलेली. कुत्र्याचा घास काढल्याबिगर ती कधी जेवली नाही, आणि बघता बघता ती भुंग्याचाही घास काढायला लागली. अशा बाईला तो मेला म्हणून कोण सांगणार? जगदेवीनं त्याला जगवला. चौथ्या पुस्तकात तर त्याच्याकडून दोन राक्षसही मारवले.

शेवटच्या पुस्तकानं मात्र तिचा गळा धरला. शेवट तिनंही वाचला नव्हता, आज्जीबरोबर वाचायचा म्हणून राखून ठेवला होता. आणि आता नेरा मेलेल्यांच्या ताऱ्यापाशी उभी. दार आतूनच उघडणारं. आत कोण, तर भुंग्या.

"मग भुंग्यानं आतून दार उघडलं," असं घाईनं म्हणत जगदेवीनं पान उलटलं.

"थांब." अंबुबाईनं काठी पुस्तकावर आडवी ठेवली. "जितं जनावर मेलेल्यांत कसं गेलं गं?"

"उडी मारून, आज्जी."

"जग्गी, मी शेरडं राखते. शेरडू न्हाई मी."

भुंग्या तिसऱ्याच पुस्तकात मेला, हे जगदेवीनं कबूल करून टाकलं.

अंबुबाईचा राग साधा नव्हे. एकदा ती इथं चिडली तर तिकडं हुलसूरच्या बाजारात दूध नासलं होतं. शपथेवर सांगणारे अजून जिते आहेत. त्या दुपारी मात्र ती हळू बोलली, आणि शेरडांनी चरायचं थांबवलं.

"कुत्रं मरतं. माझी किती मेली. पर मेलेल्याचा घास कावळ्याला जातो. मी त्याला जित्याचा घालत बसले. दोन पुस्तकं उपाशी ठेवलीस त्याला. कामून?"

"तू रडशील म्हणून."

"माझं रडणं ठेवून घेणारी तू कोण?"

तिनं भाकरीचा तुकडा दगडावर ठेवला. "कावळा शिवल्याबिगर पुढचं ऐकायची न्हाई."

कावळे लिंबावर बसून राहिले. एक खाली येईना.

"येतील कसे? त्याचं मरण कुठं सांगितलीस अजून? सांग. खरं सांग."

मग जगदेवीनं पहिल्यांदाच जसंच्या तसं सांगितलं. जहाजाचं दार मिटायला लागलं, तेव्हा भुंग्यानं लोखंडी पाय फटीत घातला. सगळी माणसं आत येईपर्यंत काढला नाही. स्वतः बाहेरच राहिला.

अंबुबाई रडली नाही. लिहिणाऱ्याला मराठीत, कानडीत आणि उरलंसुरलं दखनीत तिनं अशा शिव्या दिल्या की लिंबाचा पाला गळला. त्या गळत्या पाल्यातून एक कावळा उतरला आणि तुकडा घेऊन गेला. त्याचा एक पाय लोखंडासारखा चमकला, हे ज्याला पटत नसेल त्यानं अंबुबाईला जाऊन विचारावं.

ती खाली बसली. राग होता तसाच होता.

"वाच. अन् कुणाला जितं केलीस तर ही काठी हाय."

पुढच्याच पानावर नेराची आई मेली. जगदेवीनं काठीकडं बघितलं आणि तसंच वाचलं.