दंडावरचा धागा

पुंजाजीला देव एकदाच भेटला होता, तोही वयाच्या बाराव्या वर्षी. त्यानंतरची सत्तेचाळीस वर्षं हा माणूस त्या एका भेटीच्या शिदोरीवर जगत होता. शिदोरी तरी किती पुरणार? केव्हाच संपली होती. पण मंडळीचा वडील, म्हणजे जाणता पुढारी, म्हणून नाव लागलेलं, दर रविवारी पहिल्या बाकावर बसायचं, मोठ्यानं आमेन म्हणायचं, मग आत कोरड पडलीय हे सांगणार कोणाला?

धनजच्या रस्त्यावर, गावाबाहेर, मिशनच्या काळातलं पत्र्याचं देऊळ आहे. तिथले ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात. पुंजाजी बारा वर्षांचा असताना तिथं तीन दिवसांची संजीवन सभा भरली होती. तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, काय झालं कोण जाणे, माणसं रडायला लागली. शेताच्या धुऱ्याच्या भांडणापायी दहा वर्षं न बोललेले दोघे भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडले. बायकोला झोडपणारा गडी सगळ्यांदेखत तिच्या पाया पडला. आणि आईच्या पदराशी बसलेल्या पुंजाजीला वाटलं, कोणीतरी आत आलंय आणि त्याला आपलं नाव माहीत आहे. बस्स, एवढंच. पण तेवढं एकदा झालं की माणूस कामातून गेला म्हणून समजा. बाकी सगळं त्याला अळणीच लागतं.

आता त्या देवळात अकरा घरं उरली होती. तरणी माणसं पुण्याला बांधकामावर गेलेली. उरलेली उपासनेत जांभया देत, आणि दानाची झोळी फिरली की चप्पल शोधायला लागत. अशात नवे पाळकसाहेब आले. मोहनसिंग त्यांचं नाव, मानोऱ्याकडच्या तांड्यातले, वय बत्तीस, आवाज खणखणीत. त्यांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं, एकवीस दिवस उपास करू, एकेका घरानं प्रार्थनेचा एकेक तास वाटून घेऊ आणि देवाला म्हणू, ये. पुंजाजीचे डोळे भरून आले. मरायच्या आधी एकदा, फक्त एकदा, ते परत यावं, एवढीच त्याची आस होती. त्यानं सकाळी सहाचा तास मागून घेतला. शुगरची गोळी चालू असूनही दिवसभर नुसत्या पाण्यावर राहू लागला. त्याची बायको अंजना म्हणाली, "काहून जीव जाळून राह्यले हो? देव का उपाशी माणसालेच दिसते?" यानं तिचं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

या मंडळीत एक जुनी रीत आहे. ज्याला आपलं दुखणं चारचौघांत सांगता येत नाही, त्यानं ते वडिलाच्या कानात सांगायचं. वडिलानं ते देवापुढं मांडायचं आणि तिथंच ठेवून यायचं. कानातलं बोलणं देवळाची पायरी उतरत नाही, असं जुनी माणसं म्हणत. त्या रीतीवर त्या गावात कितीतरी संसार टिकले आहेत.

उपासाच्या सातव्या दिवशी पुंजाजी आपला तास संपवून उठला, तर दाराशी मंजू उभी. करणची बायको. करण पुण्याला सेंट्रिंगच्या कामावर, आणि ही इथं चार वर्षांच्या निताला घेऊन. निताला झटके यायचे. अकोल्याच्या डॉक्टरचं औषध चालू होतं, पण झटका यायचा तो यायचाच.

"आबाजी, कानात सांगाचं हाय," मंजू म्हणाली. "मी मंगरूळले गेल्ती. दर्ग्यावरचा धागा आनला, पोट्टीच्या दंडाले बांधला. औषिद चालू हाय, प्रार्थनाबी करून राह्यली. पन परवा तिचे ओठ निळे पडले, मंग मले राहवलंच नाई. देव रागावला असन का माह्यावर?"

"नाई रागावत, माय," पुंजाजी म्हणाला. "मी मांडतो त्याच्यापुढं."

त्यानं मांडलंही. मनापासून मांडलं. त्या दिवशी तरी त्याच्या मनात काळंबेरं काही नव्हतं.

पण चौदा दिवस झाले, अठरा झाले, आणि देवळात काही हललं नाही. गाणी तीच, जांभया त्याच. पुंजाजी गुडघ्यावर बसून म्हणायचा, ये बाबा. पत्र्यावर कबुतरं गुरगुरायची, तेवढाच काय तो आवाज. विसाव्या दिवशी तो देवावर चिडला. मी काय मागून राह्यलो तुले? पैसा? वावर? सत्तेचाळीस वर्षांत एकदा, आणि तेही होत नाही तुझ्याच्यानं? नंतर आपणच घाबरला आणि कान धरले.

एकविसावा दिवस रविवारचा. पाळकसाहेबांचाही धीर सुटत चालला असावा. त्यांनी बायबलातलं वचन काढलं ते छावणीतल्या लपवलेल्या वस्तूचं. एका माणसानं आपल्या तंबूत नको ती वस्तू पुरून ठेवली आणि देवानं साऱ्या छावणीकडं पाठ केली. "आपल्यातबी कोनीतरी काहीतरी लपवलं आहे," ते म्हणाले. "ते बाहेर येईपर्यंत प्रभू आत येणार नाही. ज्याला माहीत असेल त्यानं आज गप्प राहू नये."

पुंजाजीच्या छातीत धडधडायला लागलं. उपाशी माणसाचं काळीज ते, जराशानंही धडधडतं. पण त्याला वाटलं, हाच तो आत्मा. हाच आपल्याला उठवतोय. सत्तेचाळीस वर्षांनी हाक आली आणि आपण बसून राहायचं?

तो उठला. "मंजूच्या पोट्टीच्या दंडाले," तो म्हणाला, "मंगरूळच्या दर्ग्याचा धागा हाय."

खिडकीपाशी बसलेल्या मंजूनं वर पाहिलं. ती त्याच्याकडं पाहत राहिली. तिच्या शेजारी बसलेल्या बेबीबाईनं आपलं लुगडं आवरून घेतलं आणि बोटभर बाजूला सरकली. पाळकसाहेबांनी शेजारच्या घरातल्या शिवणयंत्रावरची कैची मागवली आणि पुंजाजीच्या हातात दिली. वडील म्हणून हे काम त्याचंच. निता मंजूच्या मांडीवर झोपली होती. त्यानं धागा कापला. थंडगार पातं लागून पोर दचकून जागी झाली आणि रडायला लागली.

मग सगळ्यांनी हात वर केले. गाणं झालं, दुसरं झालं. मग वाट पाहिली. पंखा करकरत होता. कोणाचातरी मोबाइल वाजला आणि बंद झाला. एक वाजला, दीड वाजला. कसलं काय अन् कसलं काय. शेवटी पाळकसाहेबांनी आशीर्वाद म्हटला आणि माणसं उपास सोडायला घरी गेली. अंजनानं खिचडी वाढली. पुंजाजी दोन घास खाऊन उठला.

पुढच्या रविवारी मंजू आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. कोणी तिच्या घरी गेलं नाही. एवढ्याशा गावात कोणाचा पाय दुखत होता कोण जाणे.

महिन्याचा पहिला रविवार आला. अंथरुणाला खिळलेल्यांना प्रभुभोजन घरी नेऊन द्यायचं, हेही वडिलाचंच काम. पुंजाजी नानीबाईकडं गेला. अठ्ठ्याऐंशीची म्हातारी, पूर्वी मंडळीतल्या साऱ्या बायांची गुजं तिच्याच कानात असत. भाकर आणि पेला घेऊन झाल्यावर तिनं विचारलं, "मंजू काहून नाई आली गा? दर खेपेले तेच त मले उठवून बसवते."

पुंजाजीनं सांगितलं. उपास, वचन, धागा, कैची. सगळं सांगितलं.

"धाग्याचं तुले कोनं सांगतलं?"

"तिनंच. माह्या कानात."

नानीबाईनं त्याच्या दंडाकडं पाहिलं. मग म्हणाली, "पुंज्या, त्या मोठ्या सभेत तुह्या दंडाले काय होतं, ठावं हाय का तुले?"

"काय होतं?"

"दोन धागे होते. एक मंगरूळचा, एक मरीमायचा. तुले ताप सुटत नोता, वाचत नाई म्हनत होते. तापाच्या भरात तुले आठवत नसन. तुह्या मायनं माह्या कानात सांगतलं होतं. मी आजवर बोल्ली का कोनाले? तिसऱ्या दिवशी तिनं तुले पाळकबुवापुढं नेलं. त्यानं तुहा दंड धरला. धागे त्याच्या हाताले लागले, मी पाह्यलं. त्यानं हात काढला नाई. तसाच ठिऊन प्रार्थना केली. आनि प्रार्थना करता करता तो मानूस लेकरावानी रडाले लागला."

"मंग?"

"मंग काय? मंग सारेच रडाले लागले."

पुंजाजीनं उजवा दंड डाव्या हातानं धरला. तिथं आता काही नव्हतं. तो पेला पुसायचा विसरला आणि तसाच बाहेर पडला.

मंजू दारात बसून तूर निवडत होती. त्याला पाहून तिनं सूप बाजूला ठेवलं आणि डोक्यावर पदर घेतला. "सलाम, आबाजी. बसा."

तो बसला नाही. "मंजू, माह्यानं चूक झाली. माफ कर मले."

"केलं, आबाजी. तवाच केलं." ती खरंच बोलत होती, आणि तेच त्याला जास्त लागलं. "पन एक सांगू का? धाग्याचं मी दोघायलेच सांगतलं होतं. तुमाले आनि देवाले. देव काई बोल्ला नाई. तुमी बोल्ले."

पुंजाजी म्हणाला, "येत्या रविवारी येजो. पोट्टीले घेऊन येजो."

मंजूनं सूप पुन्हा पुढं ओढलं. आतून निता पळत आली आणि त्याला पाहून जागच्या जागी थांबली. मग तिनं हळूच एका हातानं आपला दंड झाकला.

रविवारी पुंजाजी उपासनेत उभा राहिला. "कानात सांगतलेलं मी चारचौघात बोल्लो," तो म्हणाला. "या देवळात नको ते काम कोनं केलं असन, त मी केलं. दुसऱ्या कोनाले धुंडू नका." तेवढ्यात बेबीबाईला हुंदका फुटला. तिनंही कधीतरी कोणाच्यातरी कानात काहीतरी सांगितलं असणार. मग तिच्या पुढची बाई, मग मागचे बापे. एकमेकांशी न बोलणारे उठून एकमेकांपाशी गेले. पाळकसाहेब गुडघ्यावर कोसळले आणि म्हणू लागले, "आला, प्रभू आला."

आला असेल. पुंजाजी डोळे मिटून बसला आणि त्यानं वाट पाहिली, बारा वर्षांचा असताना जे झालं होतं त्याची. चहूकडं माणसं रडत होती. त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं आणि आत कोणी आलं नव्हतं. आपलं नाव कोणाला माहीत असेल असंही त्याला आता वाटेना. त्यानं डोळे उघडून खिडकीकडं पाहिलं. मंजूच्या जागेवर बेबीबाईनं आपली पिशवी ठेवली होती.