अमावास्येचं करंजेल

कामथडीच्या चिमाजीबाबांनी धाकटी लेक फुलाबाई शिवऱ्याला दिली, त्या साली मी या घरात आलो. लग्न वैशाखात झालं आणि ज्येष्ठ लागायच्या आत दारात मोटार उभी राहिली. पुढं दिवाळीच्या आधी मोठी लढाई सुरू झाली, म्हणजे ते साल १९३९. घरातली माणसं मात्र अजून 'फुलाच्या लग्नाचं साल' असंच म्हणतात.

मित्रांनो, मी त्या मोटारीचा पुढचा डावा टायर. आता जुना झालो आहे. गोठ्यातल्या खुंटीला टांगलेला असतो आणि माझ्या पोटात कोंबडी अंडी घालते. मला तिचा राग येत नाही. राग यायलाही अंगात थोडा ताठपणा लागतो, तो माझ्यात उरलेला नाही. का उरला नाही, तेच सांगायचं आहे.

मी मूळचा झाडाचा चीक. झाड कुठल्या मुलखातलं, ते आठवत नाही. तो चीक गोठवला, लाटला, भट्टीत शिजवला, आत सुताचे पदर भरले आणि वरून बारीक नक्षी उठवली. असे आम्ही पाच भाऊ कारखान्यातून मोटारीबरोबर आलो. चार चाकांना आणि पाचवा जास्तीचा. त्याला स्टेपनी म्हणतात. मोटार लहानच होती. पुढं दोघांना बसायला जागा आणि मागं फळ्यांचा उघडा हौदा. वेल्ह्याकडचा तांदूळ आणि हिरडा नसरापूरला आणायचा, तिथून पुण्याला न्यायचा, एवढ्यासाठी बाबांच्या मुलानं, कुंडलिकानं, ती घेतली होती.

ठकुबाईनं, म्हणजे कुंडलिकाच्या बायकोनं, मोटारीला ओवाळलं. नारळ फुटला. खोबरं वाटून होतंय न होतंय तोच भोरहून आलेला ज्ञानू ड्रायव्हर माझ्यापुढं उकिडवा बसला. त्यानं माझ्या नक्षीवरून नख फिरवलं.

"कुंडलिकराव, ही चाकं सडकंची. पुणं-सातारा रस्त्याला चालतील. मार्गासनीच्या पुढं न्हाई चालायची. तिथला दगुड म्हंजे सुरी. ही नवी हायेत तवरच बदला, आन जाड खाचांची घाला."

कुंडलिकानं ओट्याकडं बघितलं. ओट्यावर चिमाजीबाबा बसले होते. चाळीस वर्षं बाबांनी बैलगाडी हाकली होती. वेल्ह्याचा तांदूळ कात्रजचा घाट चढवून पुण्याला नेणारी त्यांची गाडी सगळ्या रस्त्याला ठाऊक होती. मोटार यायची ठरली तशी गाडी परड्यात जाऊन उभी राहिली. एक बैल फुलाबाईबरोबर शिवऱ्याला गेला आणि उरलेल्याला जोडी नव्हती. बाबांचे हात तेव्हापासून नुसते मांडीवर पडलेले असत.

"ज्ञानू," बाबा म्हणाले, "नवी नवरी दारात आणायची आन म्हणायचं, हिचं पाय बदला. ही कुठली रीत? ज्यानं गाडी केली त्यानंच चाक दिलं. त्याला काय कळत न्हाई व्हय?"

"आबा, त्यानं वेल्ह्याचा रस्ता कुठं बघितलाय?"

"म्या बघितलाय. तुझ्या बापाच्या आधीपासनं बघतोय. चाकाचं मला कळतं. राखायचं काम माझं."

असं म्हणताना ते ताठ बसले होते. गाडी परड्यात गेल्यापासून कुंडलिकानं त्यांना तसं बसलेलं बघितलं नव्हतं. त्यानं मान खाजवली आणि म्हणाला, "ऱ्हाऊ द्या ज्ञानू. आबा म्हणत्यात तर ऱ्हाऊ द्या."

आमचं नशीब असं उभ्या उभ्या ठरलं. मला त्या दिवशी आनंदच झाला. दारात आल्या आल्या आपण कुणाला नको आहोत, हे नव्या वस्तूला फार लागतं.

आमच्या भागात अमावास्येला बैल जुंपत नाहीत. बाबा त्या दिवशी गाडीची चाकं काढायचे, आसाला वंगण घालायचे आणि लाकडाला करंजेल पाजायचे. लाकूड वाळलं की आकसतं, आकसलं की वरची लोखंडी धाव ढिली होऊन रस्त्यात सुटते. म्हणून दर अमावास्येला तेल. हाच नेम बाबांनी मोटारीला लावला. अमावास्येला मोटार दारातच राहायची.

"मोटारीला कसली आवस?" ज्ञानू कुरकुरायचा.

"तिला नसंल, तुला हाय. घरी जा, बायकूला तोंड दाखव."

मग बाबा कोमट करंजेलाची वाटी आणि चिंधी घेऊन माझ्याशेजारी बसत. पाचही टायरांना तेल चोळत. एकाला जास्त, एकाला कमी असं कधी केलं नाही. मित्रांनो, खरं सांगतो, मला बरं वाटायचं. महिनाभर तापलेली माती, गुंजवणी नदीचं गार पाणी आणि धारेचे काळे दगड सोसल्यावर तो खरबरीत तळवा अंगावरून फिरायचा. मार्गासनीच्या बाजारात माणसं आमच्याभोवती जमायची. "बघा, चिमाजीबाबांची चाकं कशी चकाकत्यात." बाबा वरती हौद्यात पोत्यावर बसून म्हणायचे, "नुसता कारखाना काय करतो? वर मानसाचा हात फिरावा लागतो."

असं दोन वर्षं आणि वर काही महिने चाललं. माझी कातडी हळूहळू मऊ होत गेली. चिकट झाली. वाटेतले खडे तिच्यात रुतून बसू लागले. आतले सुताचे पदर एकमेकांना सोडू लागले. मला वाटायचं, हा रस्त्याचा शीण आहे. तसं वाटण्यात माझी काही चूक नव्हती. जो हात आपल्याला कुरवाळतो, त्याच्यावर कोण संशय घेईल?

सन १९४१ च्या कार्तिकात विंझरच्या पुढल्या उतारावर मागचा उजवा टायर फुटला. फुटला म्हणजे सालीसारखा सोलला गेला. मोटार कलंडली नाही, पण हिसका बसला. हौद्यात पोत्यांवर हरिबा आणि त्याची बायको कोंडाबाई बसली होती. हरिबा वेल्ह्याच्या वरच्या वाडीचा, मेंढरं राखणारा, बाबांचा गाडीच्या दिवसांपासूनचा सोबती. तो खाली दगडांवर पडला आणि त्याचा उजवा हात मोडला.

कोंडाबाईनं दोन काटक्या लावून पदराच्या पट्टीनं हात बांधला. "गप बसा. शेरडासारखं वरडू नगा."

"शेरडाचा पाय मोडला की तू त्येला कडेवर घेती," हरिबा कळवळत म्हणाला, "आन मला दटावती व्हय."

सगळे एकच बोलले. कारखान्याचे टायर पातळ होते, तेव्हाच बदलायला हवे होते. बाबा म्हणाले, "ज्ञानूचं खरं निघालं. म्याच आडवा आलो." त्या दिवशी ते जेवले नाहीत.

फुटलेला भाऊ आणि मी, अशा दोघांना कुंडलिकानं पुण्याला नेलं. मी वरून धड दिसत होतो, माझं काय करायचं ते विचारायला. टायरवाल्यानं माझ्या अंगात अंगठा दाबला. खळगा पडला, तो भरून आला नाही. मग त्यानं मला नाकाशी नेलं.

"याला तेल कोणी लावलं?"

कुंडलिकानं शेजारी उभ्या ज्ञानूकडं बघितलं.

"रबराला पाणी चालतं. तेल चालत नाही. तेलानं ते आतून कुजतं. टायर चांगले होते तुमचे, वेल्ह्याच्या रस्त्यालाही आणखी दोन वर्षं काढली असती. हे रस्त्यानं नाही, तेलानं मारलेत."

ज्ञानूनं तोंड उघडलं. कुंडलिकानं त्याचं मनगट दाबलं आणि म्हणाला, "लागलं आसंल कुठंतरी. नवं पाच द्या."

टायरवाल्यानं पाच दिले आणि सांगितलं, की हे जपून वापरा, लढाई अशीच पसरत गेली तर पुढं मिळतीलच असं नाही. आणि तसंच झालं.

परतताना कात्रजच्या घाटात ज्ञानू म्हणाला, "सांगून टाका आबांना. न्हाईतर येत्या आवसंला वाटी घेऊन बसतील, आन हे पाचबी जातील. मग काय दगडाची चाकं लावायची?"

"सांगतो. आन हरिबाचा हात कशानं मोडला, त्येबी सांगू का?"

ज्ञानूनं घाटातलं पुढलं वळण घेतलं. मी हौद्यात पडून ऐकत होतो. मला तेव्हा कळलं, की आपण मरणार आहोत आणि कशानं. आपल्याला मारणाऱ्याचा राग यावा असंही वाटेना, इतका तो भला होता.

घरी आल्यावर बाबा नव्या टायरांकडं आले आणि त्यांनी हात पुढं केला.

"आबा, हात नगा लावू," कुंडलिक म्हणाला. "लढाईचा हुकूम निघालाय. नव्या टायरला ड्रायव्हरबिगर कुणी हात लावायचा न्हाई."

"लावला तर?"

"मोटार घेऊन जात्यात."

असा हुकूम कुठंच निघाला नव्हता. कुंडलिकाला खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळं तो बोलताना जमिनीकडं बघत होता. बाबांनी हात मागं घेतला. तो हात कुठं ठेवावा ते त्यांना कळेना. कुंडलिकाला ते बघवलं नाही. त्यानं मला हौद्यातून उतरवलं.

"ह्यो मातुर आपलाच. ही आपली स्टेपनी. हिला तुमीच बघायचं."

खरी स्टेपनी त्यानं किंतानात गुंडाळून हौद्याखाली बांधली होती. मी गोठ्यात खुंटीवर गेलो.

त्या दिवसापासून मी रस्ता बघितलेला नाही. दर अमावास्येला ठकुबाई करंजेल कोमट करून द्यायची. "मामंजी, वाटी ठेवलीया." तिलाही सगळं ठाऊक होतं. बाबा मला चोळत राहिले आणि मी कुजत राहिलो. इकडं टायर मिळेनासे झाले. भोरला दोन मोटारी विटांवर चढवून ठेवल्या होत्या. आमची चालत होती. बाबा आल्यागेल्याला माझ्याकडं बोट दाखवून सांगत, "तिला काय भ्या न्हाई. स्टेपनी लोण्यावानी ठेवलीया."

सन १९४३ च्या फाल्गुनात, अमावास्येच्याच दिवशी, हरिबा आला. हात सांधला होता, पण थोडा वाकडा. तो बाबांजवळ गोठ्यात बसला. बाबांच्या बाजूला तेलाची वाटी होती, अजून बोट न बुडवलेली. हरिबानं पायातली वहाण काढून दाखवली. तळ फाटून लोंबत होता.

"दादा, तुमचं ते फुटल्यालं चाक भिमानं नेलं हुतं बघा, नसरापूरच्या बाजारात वहाणा शिवतो तो. म्या त्याच्याकडनं त्याच चाकाच्या वहाणा केल्या. म्हटलं, हात मोडलास न्हवं, चल आता पायाखाली." हरिबा हसला. "पर चार बाजार टिकल्या न्हाईत. भिमा म्हणतो, कुण्या शहाण्यानं रबराला तेल पाजलंय. तेलानं ह्ये कुजतं म्हणं. आधी म्हाईत आसतं तर शिवल्याच नसत्या म्हणतो."

बाबांनी वाटीकडं बघितलं. मग माझ्याकडं. वाटी त्यांनी हातानं लांब सरकवली.

"हात दुखतो का रं आजून?"

"थंडीत ठणकतो. पर धार काढाय येती."

बाबांनी आपल्या वहाणा काढल्या. दिवाळीला केलेल्या, जाड चामड्याच्या. त्या त्यांनी हरिबापुढं सरकवल्या.

"ह्या घाल."

"आन तुमी?"

"मला कुठं जायचंय? गोठ्यापोतूर."

"उगंच काय दादा."

"घाल म्हणतो न्हवं."

हरिबा गेल्यावर बाबा उठले. त्यांनी माझ्या अंगात अंगठा दाबला. खळगा तसाच राहिला. मग अनवाणी बाहेर जाऊन त्यांनी मोटारीच्या टायरवर अंगठा दाबला. तिथं काही उमटलं नाही.

"आबा, हुकूम हाय न्हवं," कुंडलिक ओट्यावरून म्हणाला.

"लावत न्हाई रं. बघत हुतो."

पुढल्या अमावास्येला ठकुबाईनं नेहमीसारखी वाटी दिली. बाबांनी ती घेतली आणि गोठ्याच्या मागल्या दारानं परड्यात गेले. तिथं त्यांची जुनी गाडी उभी होती. सगळं तेल त्यांनी तिच्या चाकांना पाजलं. मग रिकामी वाटी घेऊन माझ्यापाशी बसले आणि कोरड्या चिंधीनं मला पुसत राहिले, तेल लावायला जेवढा वेळ लागायचा तेवढाच वेळ. कुंडलिक दारात डोकावला.

"झालं का आबा?"

"झालं. बघ, मऊ हाय. वख्ताला उपेगी पडंल."

"व्हय," कुंडलिक म्हणाला.

असं नऊ अमावास्या चाललं. बाप जाणून होता आणि लेकाला ते कळू देत नव्हता. लेक जाणून होता आणि बापाला ते कळू देत नव्हता. दोघांचं फक्त मला माहीत होतं, आणि मला तोंड नाही.

बाबा गेल्यावर तिसऱ्या दिवशी कुंडलिक परड्यात गेला. पाच वर्षं न हललेल्या गाडीची चाकं चिरली असतील, आता मोडून चुलीला घालावीत, असं त्याच्या मनात होतं. त्यानं चाकावर हात ठेवला. हाताला करंजेल लागलं. चाकात एक चीर नव्हती. तो तसाच गोठ्यात आला, तेलाचा हात माझ्यापासून लांब धरून. वाटीतलं तेल कुठं जात होतं, ते त्याला कळलं. गाडी त्यानं मोडली नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी जपायच्या वस्तू असतील. जपण्याआधी तिला काय सोसतं ते विचारून घ्या. लाकडाला जे मानवतं ते रबराला मानवत नाही. आणि घरातलं कुणी म्हातारं माणूस चुकीच्या रीतीनं काही जपत असेल, तर त्याचा हात झटकू नका. त्या हाताला धरायला दुसरं काहीतरी द्या. मी त्यासाठी खुंटीवर टांगला गेलो. आता थकलो आहे, पण मला त्याचं वाईट वाटत नाही.

चिमाजीबाबा सन १९४४ साली, पौष महिन्यात, अमावास्येच्या आदल्या दिवशी सकाळी गेले.