सूरजबाईच्या वहीचे खिसे

माझी जीभ तिखट आहे असं अख्खं पाचोरा म्हणतं. म्हणू दे, माझं काय जातंय. पण आयुष्यात एकदाच ठरवून गोड बोलले आणि तेच अंगाशी आलं.

आमचं घर बाइंडिंगवर चालायचं. अय्युब, माझे मालक, रजिस्टरं शिवायचे. मी मैद्याची खळ शिजवायची, पुठ्ठे चिकटवायची. दीपचंद कापडवाल्यांची पहिली बायको सूरजबाई दुपारची आमच्या मागच्या खोलीत यायची. मारवाड्यांची सून, त्यामुळे रस्त्याने हनुवटीपर्यंत घुंघट; आत आली की तो मागे टाकायचा आणि कात्री हातात घ्यायची. लेकीसाठी तिला चित्रांची वही करायची होती. पानापानावर एक कापडी खिसा, त्याला जुन्या साडीचा काठ, एखादी टिकली. खिशात दोरा ओवलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी. चिठ्ठीवर कापडाच्या ठाणावरची लेबलं, लग्नपत्रिका, सिगरेटच्या पाकिटातला चंदेरी कागद, असं काय काय कापून जोडलेलं चित्र. बारापैकी सहा खिसे झाले आणि विषमज्वराने ती गेली. लेक कंचन तेव्हा पाच वर्षांची.

तीन वर्षांनी, त्र्याहत्तर साली, दीपचंदांची दुसरी बायको लाडकुंवर तीच अर्धी वही घेऊन माझ्या दारात उभी राहिली. दिसायला अशी की बघत राहावं.

"जुबेदाबी, एवढी पुरी करून द्या," ती म्हणाली. "पोरगी झोपेतून किंचाळत उठते. मला जवळ येऊ देत नाही. आईच्या हातचं काही मिळालं तर निवेल."

पुढचे सहा खिसे मी केले. तीन बाजूंना खळ लावायची, आत मेणकागद सरकवायचा म्हणजे खिसा मिटत नाही, वर वजन ठेवायचं. चिठ्ठ्यांवर सहा बायका जोडल्या: एक पापड लाटणारी, एक झोपाळ्यावरची, अशा. लुगडी, बांगड्या, सगळं झालं. तोंडाच्या जागी मात्र नुसता बदामी कागद. अब्बांनी लहानपणीच बजावलेलं, माणसाचं तोंड आपण करायचं नाही, ते देणारा वेगळा आहे.

वही न्यायला लाडकुंवरबरोबर कंचनही आली. एकेक चिठ्ठी ओढून बघत होती. सातव्या खिशाशी, माझ्या पहिल्या चिठ्ठीशी, तिचा हात थांबला.

"हीच येते," ती म्हणाली.

"कोण गं?"

"आई. रोज येते. तिला तोंड नसतं."

लाडकुंवर भिंतीला टेकली.

"मला ते आठवतच नाही, चाची," पोरगी सांगत होती. "घरात एकच फोटो आहे, त्यात घुंघट आहे. बापूजींना विचारलं की ते उठून जातात. तुम्ही तिला बघितलंय ना? कशी होती?"

आता काय सांगू? सूरजबाई सावळी होती. तोंडभर देवीचे वण. पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला, म्हणून हसली की तोंडावर पालथा हात धरायची. मला ते तोंड फार आवडायचं. पण गेलेल्या बाईचं व्यंग तिच्याच लेकराला सांगायचं, तेही असली देखणी सवत शेजारी उभी असताना? आमच्यात असं कोणी बोलत नाही.

"गोरीपान होती तुझी आई," मी म्हटलं. "नाकीडोळी नीटस. दात कसे एकसारखे." जीभ जराही अडखळली नाही माझी.

कंचनने डोळे मिटून ऐकलं. मग उघडले आणि वर, लाडकुंवरकडे, बघत राहिली. मला मेलीला तेव्हा काही समजलं नाही.

आठ दिवसांनी लाडकुंवर पोरीला घेऊन परत आली. पोरीला ओट्यावर बसवलं, आत येऊन वही माझ्यापुढे उघडली. सहाही बदामी जागांवर शाईने तोंडं काढली होती. एकच तोंड सहा वेळा.

"हे माझं आहे," लाडकुंवर म्हणाली. तिला रडू आवरत नव्हतं. "आता म्हणते आईला तोंड आलं. शांत झोपते, माझ्या कुशीत. घरात सगळे खूश आहेत. जुबेदाबी, मला सूरजबाईची जागा हवी होती हो, तिचं तोंड व्हायचं नव्हतं. खरं सांगा, कशी होती ती?"

मी सांगितलं. तिने डोळे पुसले आणि कंचनला आत बोलावलं. "चाची आता खरं सांगतायत, ऐक."

मग मी पोरीला सगळं सांगितलं. रंग, वण, चढलेला दात, तोंडावरचा तो हात. खोटं का बोलले तेही सांगितलं, माफीही मागितली. जुबेदाने कुणाची माफी मागितली हे ऐकून अय्युब काम टाकून दारात आले.

कंचनने वही मिटली.

"ती माझी आई नाही," ती हळूच म्हणाली. "माझी आई गोरी होती. तुम्हीच सांगितलंत." आणि लाडकुंवरचा पदर ओढत, "चल ना, आई. घरी चल."

लाडकुंवर गेली. जाणारच, पोर पहिल्यांदाच तिला आई म्हणाली होती.

त्या दिवसापासून सूरजबाई माझ्याकडे येते. भर दुपारी, खळ शिजत असते तेव्हा. सगळं तोंड घेऊन येते, वणन् वण जागच्या जागी. रागावत नाही, बोलत नाही, माझ्याकडे बघत राहते. अय्युब म्हणतात, मौलवीसाहेबांकडून ताईत आणू. मी नको म्हटलं. लेकीच्या घरी आता तिला कोणी ओळखत नाही. इथूनही हाकलली तर जाईल कुठे बिचारी?