तिसरी पायरी

शाळेत तिला धाकट्या बाई म्हणत, कारण मोठ्या बाई एकच होत्या आणि त्या मुख्याध्यापिका होत्या. धाकट्या बाईंची हंगामी नोकरीची दोन वर्षं सरत आली होती. उद्या त्यांचा नमुना पाठ. मोठ्या बाई मागच्या बाकावर बसणार. पाठ पसंत पडला तर नोकरी कायम, नाही तर सुट्टीनंतर यायची गरज नाही, असा साधा हिशेब होता.

धडाही साधाच होता. पाठ्यपुस्तकात पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून बसलेली जुनी गोष्ट. वादळी संध्याकाळी एक वाटसरू मुक्कामाच्या घराचं दार ठोठावतो. मालकीण कंदील घेऊन जिना उतरते, दार बोटभर उघडते, ‘जागा नाही’ म्हणते आणि लावून घेते. तो बाहेर कुडकुडत बसतो. परीक्षेत हमखास प्रश्न यायचा, मालकिणीचे स्वभावचित्रण करा. उत्तरही हमखास होतं. कठोर, संशयी, कपटी, माणूसघाणी. चार मुद्दे, चार गुण. हे उत्तर वीस वर्षांपूर्वी मोठ्या बाईंनीच लिहून दिलं होतं आणि तेव्हापासून सगळे त्याचीच री ओढत होते. गोष्ट पुन्हा वाचायची तसदी कुणी घेतली नव्हती. धाकट्या बाईही घेणार नव्हत्या. बाळाला दात येत होते, चार दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता. चार मुद्दे फळ्यावर लिहायचे आणि सुटायचं, एवढंच त्राण उरलं होतं.

दुपारी घरी अडीच तासांच्या रडण्यानंतर बाळ खांद्यावर झोपलं. खाली ठेवलं की उठेल, म्हणून ती उभ्यानंच एका हातात पुस्तक धरून पानं चाळत होती. तेवढ्यात दार वाजलं. ती चपला न घालता, फरशीचा डुगडुगणारा तुकडा चुकवून गेली. दार बोटभर उघडलं. बाहेर नणंद, हातात भाचीसाठी खेळणं.

“आत्ता नको,” ती पुटपुटली आणि दार लावलं.

बाहेरून नणंदेचा आवाज आला. वहिनीला म्हणे माणसं नकोशी झालीत, दारात उभं करायचीही पद्धत राहिली नाही. मग पावलं दूर गेली. तिला वाईट वाटलं, पण वाईट वाटून घ्यायलाही ताकद लागते. तिनं पुन्हा पुस्तकात डोकं घातलं आणि तिथंच थबकली.

मालकीण अनवाणी उतरली होती. कंदिलावर तिनं तळहात धरला होता. तिसरी पायरी ओलांडून ती चौथीवर आली होती. कंदील खाली ठेवून कडी दोन्ही हातांनी काढली होती, आणि बोलली होती ती कुजबुजत. उत्तरात या कुजबुजीपुढे लिहिलेलं होतं, ‘यावरून तिचा कपटी स्वभाव दिसतो.’

धाकट्या बाई बाळाच्या टाळूवर ओठ टेकवून बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी गोष्ट वाचली आणि विचारलं, मालकीण कशी आहे? मुलींनी पाढा म्हणावा तसं म्हटलं, कठोर, संशयी, कपटी, माणूसघाणी. मागच्या बाकावर मोठ्या बाईंनी समाधानानं मान हलवली. इथं थांबलं असतं तर काम झालं होतं. घरी लवकर जाता आलं असतं, नोकरीही राहिली असती. खडूसुद्धा जड वाटत होता.

“मग तिनं तिसरी पायरी का ओलांडली?” त्यांनी विचारलं.

मोठ्या बाईंची लेखणी थांबली. खिडकीजवळ एक मुलगी बसायची. तीन धाकट्या भावंडांचं आवरून रोज उशिरा येणारी. वर्ग तिला आजीबाई म्हणायचा. ती उठली.

“ती पायरी वाजत असणार, बाई. वर कुणीतरी आत्ताच झोपलंय. आजारी असेल.”

“गोष्टीत तसं लिहिलंय का?”

“नाही. पण ती चालते तशी.” मग ती म्हणाली, “ती वाईट नाही. दमलीये.”

कुणी हसलं नाही. धाकट्या बाईंनी पाठ फिरवून ते वाक्य फळ्यावर लिहिलं आणि पाठ फिरवलेलीच जरा जास्त वेळ ठेवली.

शाळा सुटल्यावर मोठ्या बाईंनी बोलावून घेतलं. समोर पुस्तक उघडं होतं. उद्या परीक्षेत मुली हे लिहून आल्या तर तपासणारा गुण देईल का, त्यांनी विचारलं. नाही देणार, धाकट्या बाई म्हणाल्या. खोटं बोलायचेही कष्ट होते. मोठ्या बाईंनी कागदावर लिहिलं: ‘ठरलेले उत्तर दिले नाही. आणखी एक वर्ष मुदत द्यावी.’

“कायम करता येणार नाही,” त्या म्हणाल्या. “आणि काढताही येणार नाही मला.” मग पुस्तक मिटता मिटता, कुणाशी बोलतोय हे विसरल्यासारखं, “आमच्याकडे चौथी वाजायची. धाकट्या मुलाला दमा होता. मी रोज ओलांडायचे, आणि उत्तर मात्र ते लिहिलं.”

परतताना तिनं वाटेत नणंदेकडे जाऊन बाळाची झोप, दात, सगळं सांगितलं. नणंद म्हणाली, आधी सांगायचं की, मी काय परकी आहे? आणि खेळणं हातात दिलं.

घराशी पोचल्यावर तिनं हळूच दार वाजवलं. ते बोटभर उघडलं. बाळाला सांभाळायला थांबलेल्या सासूबाई होत्या, अनवाणी.

“आत्ताच डोळा लागलाय,” त्या कुजबुजल्या. “जरा बाहेरच थांब.”

दार लागलं. ती पायरीवर बसली, चपला काढून शेजारी ठेवल्या. भिंतीला डोकं टेकलं आणि सासूबाईंनी पुन्हा दार उघडलं तोवर तिचाही डोळा लागला होता. खेळणं मांडीवर होतं. सासूबाईंनी तिला उठवलं नाही.